रेडिएटरमधली हळद

झाकण काढले आणि पाणी पिवळे निघाले.

गंजाचे पाणी तांबूस असते, तेल मिसळलेले पाणी दुधाळ असते. हे निखळ पिवळे होते आणि त्याला वास होता. मी बोट बुडवून नाकाशी नेले. सांगलीत वाढलेल्या माणसाला तो वास ओळखायला कोणाची साक्ष लागत नाही.

"हळद घातलीस?" मी विचारले.

"घातली की," बाळगोंडा म्हणाला. "काल आंबा घाटात. एक मूठ."

"रेडिएटरमध्ये."

"गळत हुतं, मास्तर. मग काय कपाळाला लावू?"

तो हे हसत म्हणाला. त्याच्या हसण्याकडे माझ्या पाठीमागे लाकडी खुर्चीवर बसलेल्या डॉक्टर माईणकरबाईंनी लक्ष दिले नाही. त्या पिवळ्या पाण्याकडे पाहत होत्या.

हा सोमवार म्हणजे एकोणीसशे ब्याण्णवच्या एप्रिलमधला शेवटचा सोमवार. पदविका घेऊन मला अठरा वर्षे झाली होती आणि कोल्हापूर रस्त्यावरचे माझे गॅरेज पंधरा वर्षे चालत होते. गावात मिस्त्री पुष्कळ होते. कागदावर लिहून दुरुस्ती करणारा मी एकटा. प्रत्येक गाडीचे कार्ड, प्रत्येक कामाची नोंद, तारखेसह. त्यामुळेच बाळगोंडा वडगावे मला साहेब न म्हणता मास्तर म्हणत असे. वयाने तो माझ्याहून बारा वर्षांनी मोठा होता आणि मी त्याला अरेतुरे करत होतो. तो इंजिनिअर नव्हता, ड्रायव्हर होता, आणि त्या काळी हे कारण आम्हा दोघांनाही पुरेसे वाटत असे.

माईणकरबाई डोळ्यांच्या डॉक्टर. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी त्या आंबा घाट उतरून साखरप्याला जात, तिथे शिबिरात दिवसभर डोळे तपासत आणि ज्यांचा मोतीबिंदू पिकला असेल अशा एकदोघांना आपल्याच गाडीतून शस्त्रक्रियेसाठी सांगलीला आणत. सतरा वर्षे त्यांची गाडी बाळगोंडाच चालवत होता. दवाखान्याच्या मागच्या आवारातल्या दोन खोल्यांत तो आणि त्याची बायको राहत. गाडी दीड वर्षापूर्वी बदलली होती. नवी गाडी नव्या बनावटीच्या इंजिनाची होती.

आदल्या दिवशी ती गाडी घाटाच्या मध्यावर उकळून उभी राहिली होती. दोन म्हाताऱ्या, दोघींनाही जवळजवळ दिसत नव्हते, भर उन्हात रस्त्याच्या कडेला अडीच तास बसून होत्या. बाजूने ट्रक जात होते. एक म्हातारी आवाजाच्या दिशेने उठून चालू लागली, तेव्हा बाईंनी धावत जाऊन तिला मागे ओढले. हे सांगताना बाईंचा आवाज चढला नाही. त्यांचा आवाज कधीच चढत नसे.

"पोतनीस," त्या म्हणाल्या, "मला निदान हवे आहे, आणि लेखी हवे आहे. यंत्राचा दोष असेल तर मी गाडी बदलेन. माणसाचा असेल तर माणूस बदलेन."

बाळगोंडा त्या वेळी फडक्याने झाकण पुसत होता. त्याचा हात थांबला नाही. बाई रिक्षाने गेल्यावर मात्र त्याने ते झाकण बोनेटवर ठेवले आणि मला विचारले, "लिहिणार म्हंजी काय लिहिणार, मास्तर?"

"जे सापडेल ते," मी म्हणालो.

पॉलिटेक्निकमध्ये आमचे एक प्राध्यापक तापणाऱ्या इंजिनाच्या कारणांची यादी पाठ करून घेत असत. त्यांचा नियम एकच होता: एका वेळी एकच दुरुस्ती करायची आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर गाडी पळवून पाहायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी बरी झाली, तर गाडी बरी झाली एवढेच कळते. कशाने, ते कळत नाही. तो नियम मी पंधरा वर्षे मोडला नव्हता. यादी कागदावर उतरवून मी फळीला टाचली. त्यातल्या चौथ्या ओळीवर नेहमीप्रमाणे रेघ मारली. तो भाग आमच्याकडे कोणत्याच गाडीत ठेवत नसत, म्हणून ती तपासणी लागू नव्हती.

सोमवारी रेडिएटरची चीर झाळून घेतली, सगळे पाणी काढून स्वच्छ पाणी भरले आणि दोघे दंडोबाच्या डोंगरावर गेलो. मिरजेपलीकडचा तो चढ घाटाएवढा मोठा नाही, पण चाचणीला पुरतो. अर्ध्या चढावर तापमानाचा काटा लालपट्टीत गेला. मंगळवारी पंख्याचा पट्टा बदलला, काटा तिथेच. बुधवारी पाण्याचा पंप उघडून पाहिला, त्याची पाती शाबूत होती. गुरुवारी हेड गॅस्केटची परीक्षा घेतली, पाण्यात एकही बुडबुडा आला नाही. ब्रेक चाकांना धरून ठेवत नव्हते. टायमिंग बरोबर होते.

चारही दिवस बाळगोंडा गाडी चालवत होता आणि मी शेजारी बसून काट्याच्या नोंदी घेत होतो. गाडी तो फार सुरेख चालवी. गिअर बदललेला कळत नसे. चढ लागण्याच्या आधीच तो खालचा गिअर घेई, इंजिनाला धाप लागू देत नसे. मी हे पाहिले होते, आणि नोंदीत लिहिले नव्हते, कारण नोंदीत काट्याचा रकाना होता, चालवणाऱ्याचा नव्हता.

गुरुवारी दुपारी चढावर गाडी थांबवून त्याने बोनेट उघडले आणि रेडिएटरच्या खालच्या अंगाला तळहात लावला. मग मला बोलावले.

"हात लावून बघा हितं."

मी लावला. इंजिन उकळत होते आणि रेडिएटरचा खालचा भाग माठासारखा गार होता.

"पाणी ह्यात येतच न्हाई, मास्तर," तो म्हणाला. "वरच्या वर कुठंतरी पळतंय."

"येत नाही, कारण नळ्या बंद आहेत," मी म्हणालो. "आणि नळ्या बंद आहेत, कारण त्यांत हळद बसली आहे."

त्याने बोनेट लावले. मग शांतपणे, एकेक गोष्ट मोजल्यासारखी त्याने सांगितली. आधी गाडी तापली. तापून तापून रेडिएटर चिरला. चिरला म्हणून गळायला लागला, आणि गळायला लागला म्हणून हळद घातली, तीही परवाच्या रविवारी. ती घातली म्हणून तर गळती थांबली आणि गाडी बाईंना घेऊन घरी पोचली. तापायला तर ती मार्चमध्येच लागली होती, पाडव्याच्या आधीच्या फेरीला.

"मार्चमध्ये तापल्याचे बाई काही बोलल्या नाहीत," मी म्हणालो.

"बाईंना कुठं ठावं? त्या मागं झोपल्या हुत्या. दिवसभर डोळं तपासून दमत्यात. मी वर आंबा गावात चहाचं निमित्त करून तासभर गाडी गार केली. त्यांच्या जिवाला कशाला घोर?"

"म्हणजे साक्षीदार कोणी नाही."

"साक्षीदार?" तो म्हणाला. "मास्तर, मी काय कोर्टात उभा हाय व्हय?"

मी विचारले की हळदीची पुडी घाटात कुठून आली. सीटखाली असतेच, तो म्हणाला. त्याच्या वयाच्या सगळ्या ड्रायव्हरांच्या सीटखाली असते. हेही मी वहीत लिहिले.

डोंगर तो सावकाश उतरला. गॅरेजच्या दारात गाडी उभी केल्यावर स्टिअरिंगवरचे हात न काढता म्हणाला, "रागावू नका, पर एक सांगतो. कंपनीची हमी संपली तवा शिमग्याला गाडी पयल्यांदाच तुमच्याकडं सर्व्हिसिंगला आली. तवापास्नं तिचं बिनसलंय."

मी आत गेलो, कपाटातून शिमग्याच्या सुमाराचे कार्ड काढले आणि त्याच्या पुढे धरले. तेल, तेलाची गाळणी, ब्रेक, ग्रीस, पाण्याच्या होजपायपांच्या क्लिपा. अकरा कामे, अकरा नोंदी, खाली माझी सही.

"यातल्या कशाने गाडी तापली, ते दाखव," मी म्हणालो.

कार्ड इंग्रजीत होते. बाळगोंडा चौथीपर्यंत मराठी शिकलेला होता. त्याने कार्ड हातात घेतले, सुलटे आहे याची खात्री केली, वरपासून खालपर्यंत बोट फिरवले आणि परत दिले.

"तुम्ही लिवलंय म्हंजी बरोबरच असंल," तो म्हणाला.

अहवाल मी त्याच संध्याकाळी लिहिला. अर्धे पान होते. रेडिएटरच्या नळ्यांत हळदीचा साका आढळला. रेडिएटरचा खालचा भाग थंड राहतो, यावरून पाणी नळ्यांतून वाहत नाही हे सिद्ध होते. चालकाने आपण हळद घातल्याचे मान्य केले असून तो हळद गाडीत नेहमी बाळगतो. त्यापुढे मी लिहिले: "चालकाने वेळोवेळी केलेल्या या अशास्त्रीय उपायामुळे इंजिन तापत आहे."

शुक्रवारी बाईंनी तो उभ्या उभ्या वाचला. चष्मा काढून त्यांनी मला एकच प्रश्न विचारला: "नक्की?"

"दुसरे सर्व तपासून पाहिले आहे," मी म्हणालो.

बाळगोंडाला त्यांनी महिन्याचा पगार आणि खोल्या सोडायला पंधरा दिवस दिले. त्या काही निष्ठुर नव्हत्या. त्यांच्या डोळ्यांपुढे रस्त्याकडे चालत निघालेली ती म्हातारी होती, आणि हातात माझा कागद होता.

शनिवारी रेडिएटर सोडवून मिरजेच्या कारागिराकडे दिला. मंगळवारी तो परत आणायला गेलो, तेव्हा कारागीर म्हणाला की विशेष काही निघाले नाही. साठातल्या चारपाच नळ्यांत साका होता, बाकी आरपार मोकळ्या होत्या. हे मी ऐकले. ऐकून मी रेडिएटर रिक्षात ठेवला, गॅरेजवर आलो आणि गाडीला बसवला.

मग मी एकटाच दंडोबाला गेलो. अर्ध्या चढावर, त्याच वळणावर, काटा लालपट्टीत गेला.

बोनेट उघडून मी रेडिएटरच्या खालच्या अंगाला हात लावला. गार होता. वरच्या वर कुठेतरी पळतंय, असे बाळगोंडा म्हणाला होता. मी तिथे दगडावर बसून इंजिन निवायची वाट पाहिली. यादीची घडी खिशात होती. ती उघडली. चौथ्या ओळीवर माझी रेघ होती आणि रेघेखाली शब्द वाचता येत होता: थर्मोस्टॅट.

इंजिनाच्या डोक्यावर एक लहान वॉल्व्ह असतो. इंजिन थंड असते तेव्हा तो रेडिएटरची वाट बंद ठेवतो आणि तापले की उघडतो. थंड देशांत त्याचा उपयोग; आमच्या उन्हात तो अडकून बसतो आणि घात करतो, असे सगळे मिस्त्री मानत. त्यामुळे गाडी पहिल्यांदा हाताखाली आली की तो काढून टाकायचा, ही आमच्याकडची रीत होती. जुन्या इंजिनांचे त्याने काही बिघडत नसे. पदविका असूनही मी ती रीत पाळली. काम दोन मिनिटांचे, म्हणून कोणी त्याची नोंद करत नसे. काच पुसल्याची नोंद करतो का कोणी? काढलेले वॉल्व्ह मी भिंतीवर एका तारेत ओवून ठेवत असे, आणि ती माळ खंडेनवमीच्या पूजेत पान्यांच्या शेजारी ठेवण्याची आमच्या गॅरेजची पद्धत पडली होती.

परत येऊन मी ती तार खाली घेतली. चाळीसेक वॉल्व्ह होते. सगळ्यांना एकेक चकती होती. एकाला दोन होत्या.

ती दुसरी चकती कशासाठी आहे, हे मला पुस्तकात पाहावे लागले नाही. ती हातात धरताच कळले. नव्या इंजिनात पाण्याला रेडिएटर टाळून परत इंजिनात जाणारी एक आडवाट होती. इंजिन तापले की वरची चकती रेडिएटरची वाट उघडी आणि खालची चकती ती आडवाट बंद करी. वॉल्व्हच काढून टाकला, तर आडवाट कायमची उघडी. उकळते पाणी रेडिएटरचे तोंड न पाहता इंजिनातल्या इंजिनात फिरत राहणार. सपाटीवर कसेबसे निभावेल. घाटात उकळेल.

मी वॉल्व्ह बसवला. दुसऱ्या दिवशी सकाळी दंडोबाचा चढ थेट माथ्यापर्यंत चढलो. काटा मध्यावर आला आणि तिथे स्थिर राहिला. मी उतरलो आणि पुन्हा चढलो. त्या दिवशी मी तो चढ चार वेळा चढलो.

बाळगोंडाचे पंधरा दिवस अजून संपले नव्हते. तो त्याच आवारात, मागच्या खोल्यांत होता. गाडी पोचवायला गेलो, तेव्हा त्याची बायको पायरीवर गोधड्या बांधत बसलेली मला दिसली. बाईंनी विचारले, "झाले?" कार्ड माझ्या हातात होते. त्यावर एकच नोंद होती: रेडिएटर साफ केला.

"झाले," मी म्हणालो.

मेच्या शेवटच्या रविवारी नवा ड्रायव्हर न थांबता घाट चढून आला. सोमवारी बाईंचा फोन आला. डॉक्टर लोक सहसा दुसऱ्याचे कौतुक करत नाहीत, म्हणून मला ते शब्द नीट आठवतात. त्या म्हणाल्या, "पोतनीस, तुमचे निदान अचूक होते." मी त्यांचे आभार मानले.

बाळगोंडाला पुन्हा गाडी मिळाली नाही. बाईंच्या दवाखान्यातून तो का सुटला हे गावात सर्वांना ठाऊक होते, आणि इंजिनात हळद घालून गाडी घालवणारा ड्रायव्हर हा मार्केट यार्डात काही दिवस थट्टेचा विषय झाला होता. पुढे तो एका हळदीच्या गोदामावर राखणीला लागल्याचे ऐकले.

ऑक्टोबरात खंडेनवमी आली. सकाळी गॅरेजमधले पाने-हातोडे धुऊन, पुसून, पांढऱ्या कापडावर मांडले होते. शेजारी वॉल्व्हची माळ ठेवली होती, तबकात हळदकुंकू होते. त्या दिवशी आमच्याकडे येणारे ड्रायव्हर प्रसादाला येऊन जात. दहाच्या सुमाराला बाळगोंडा आला. पंधरा वर्षांची सवय असावी. त्याच्या सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत पिवळ्या होत्या.

मी त्याला या म्हणालो. तुम्ही म्हणालो. त्याने त्याची दखल घेतली की नाही, सांगता येत नाही. मी दिलेला पेढा डाव्या हातात धरून तो मांडलेल्या पूजेपुढे उकिडवा बसला, हात जोडले, आणि मग उजव्या हाताने माळ थोडी ओढून एकेक वॉल्व्ह बोटाने पुढे सरकवू लागला. शेवटच्यापर्यंत गेला. पुन्हा पहिल्यापासून आला.

"ह्यात ते दोन चकत्यांचं हुतं, मास्तर."

"कोणते?"

"बाईंच्या गाडीचं. शिमग्याला तुम्ही काढून माझ्याच हातात दिलं न्हवं का, तारंत अडकव म्हणून. कढत हुतं. हे बोट भाजलं, म्हणून ध्यानात ऱ्हायलं. दोन चकत्या कशाला, असं मी इचारलं पण हुतं तुमास्नी."

त्याने विचारले होते. ते मला त्या क्षणी आठवले, आणि मी काय उत्तर दिले होते तेही आठवले. तुला काय करायचे आहे, असे म्हणालो होतो.

"मोडीत गेले असेल," मी म्हणालो.

"बाकीची हाईत की समदी."

त्याने माळ होती तशी नीट गोल करून ठेवली.

"बाईंची गाडी आता तापत न्हाई म्हणं."

"नाही."

"बरं झालं," तो म्हणाला. "म्हाताऱ्या माणसांचे लई हाल हुत्यात घाटात."

मला वाटले, आता तो उठेल. पण त्याने तबकातली चिमूटभर हळद घेतली आणि सगळ्यांत मोठ्या पान्याला, मुठीपासून जबड्यापर्यंत, सावकाश लावली. मग माझ्याकडे मान वर करून पाहिले.

"आज चालती व्हय हळद, मास्तर?"

आवाजात राग नव्हता. पहिल्या दिवशी कपाळाला लावू का असे विचारताना होता, तसाच तो आवाज होता. उत्तराची वाट न पाहता तो उठला, गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला आणि निघून गेला. पेढा त्याने जाताना कापडाच्या कोपऱ्यावर ठेवला होता.

त्या दिवशी हत्यारांना हात लावत नाहीत. दुसऱ्या दिवशी गॅरेज उघडल्यावर मी कपाटातून शिमग्याचे कार्ड काढले. अकराव्या नोंदीखाली, सहीच्या वर, एक ओळ मावेल एवढी जागा होती. तिथे मी बारावी नोंद केली: थर्मोस्टॅट काढून टाकला. पुढे ज्या दिवशी काढला त्या दिवशीची तारीख घातली. बाळगोंडाला वाचता यावे म्हणून ती ओळ मी मराठीत लिहिली.

बाई पुढे नऊ वर्षे साखरप्याला जात राहिल्या. बाळगोंडा त्यांच्या आधी वारला. ते कार्ड मी कोणाला दाखवले नाही. ते माझ्याजवळ आहे.